पुढच्या माणसास नमस्कार

वायरींचा जोड पुरा झाला तरी अप्पा डबा लगेच बंद करत नसत. पक्कड पिशवीत टाकून, हात पँटीला पुसून ते सदऱ्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढत. चिठ्ठी म्हणजे रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचं जुनं पान. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने चार ओळी लिहायच्या. काय केलं, काय राहिलं, आणि ‘जोडणार’ अमुक, ‘सोबत’ तमुक. चौथी ओळ कायम एकच असे : ‘पुढच्या माणसास नमस्कार.’ मग ती चिठ्ठी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळायची, काळ्या चिकटपट्टीने बंद करायची, जोडाच्या शेजारी नीट ठेवायची आणि मगच झाकणाचे स्क्रू पिळायचे. एवढं सगळं होईपर्यंत आम्ही बाकीचे दारात चपला घालून उभे असायचो.

पहिल्यांदा हा सोहळा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून शनिवार पेठेत एका खोलीत एजन्सी उघडली होती. पुण्यातल्या ऑफिसांमध्ये नुकते कॉम्प्युटर येऊन बसू लागले होते, आणि एकाला दुसऱ्याशी बोलायचं तर मध्ये वायर लागते हे लोकांना नव्यानेच कळत होतं. ती वायर टाकून द्यायची, टोकं जोडून द्यायची, हा माझा धंदा. वायर ओढायला माणसं मिळत होती, जोडायला मिळत नव्हती. कोणीतरी अप्पांचं नाव सांगितलं. टेलिफोन खात्यात उभी नोकरी केबल जोडण्यात गेलेली, नुकतेच निवृत्त झालेले, कसबा पेठेत राहतात. मी घरी गेले तर ते ओट्यावर बसून छत्री दुरुस्त करत होते. मी कॉम्प्युटर, नेटवर्क, डेटा असं बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आत तांबंच आहे ना?”

“तांबंच आहे.”

“मग येतो.”

त्यांच्या या तुटक बोलण्याचं कारण मला पुढे कळलं. वडील तांबट आळीत बंब आणि घंगाळी ठोकायचे. दिवसभर घरात ठोक्यांचा आवाज. अप्पा म्हणायचे, “दोन ठोक्यांच्या मध्ये मावेल एवढंच बोलायची सवय लागली. ती गेली नाही.” भावांनी हातोडा घेतला, अप्पांनी वायर घेतली. आपण घराबाहेर पडलो तरी तांब्याच्या बाहेर पडलो नाही, याचं त्यांना मनातून बरं वाटायचं. कधी उघडी केलेली तार उजेडात धरून बघत आणि “हे चांगलं तांबं आहे हं” असं कौतुकाने म्हणत. वायरचं खोकं उघडून आतल्या तांब्याचं कौतुक करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

कॉम्प्युटरला मात्र त्यांनी शेवटपर्यंत बोट लावलं नाही. “भिंतीच्या आतलं माझं, बाहेरचं तुझं,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एका ऑफिसात गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका मुलाने त्यांना विचारलं, “अंकल, आता नेट एकदम फास्ट होईल ना?” अप्पा शिडीवरून खालीही न बघता म्हणाले, “तुम्ही काय पाठवणार आहात, त्यावर आहे.” टिळक रोडच्या एका दातांच्या डॉक्टरांनी, काम आजच्या आज उरकेल का, असं तिसऱ्यांदा विचारल्यावर अप्पांनी विचारलं, “तुम्ही दात उपटताना पेशंट असं विचारतो का?” मी घाईघाईने मध्ये पडून सारवासारव केली. डॉक्टर मात्र हसले, आणि पुढे आम्हाला त्यांच्या दोन मित्रांकडची कामं त्यांनीच मिळवून दिली.

काम शिकवण्याची त्यांची पद्धतही अशीच होती. आमच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. टोक जोडायचं तर तो पीळ थोडा सोडवावा लागतो. जितका जास्त सोडाल तितकी ओळ, म्हणजे त्या वायरीची लाइन, बिघडते. मी भराभर बोटभर पीळ सोडून मोकळी व्हायची. अप्पा माझ्या हातातून पक्कड घेत, टोक कापून टाकत आणि वायर परत माझ्या हातात देत. दुसऱ्यांदा कापत, तिसऱ्यांदा कापत. चौथ्यांदा म्हणत, “पीळ सोडताना जीव तुटला पाहिजे.” आणि प्रत्येक जोडाच्या मागे हातभर वायर गुंडाळून जास्तीची ठेवायला लावत. मला तो शुद्ध अपव्यय वाटायचा. अप्पांचं म्हणणं, पुढे कोणाला जोड पुन्हा करायची वेळ आली तर त्याला हातात वायर मिळाली पाहिजे. “आपल्यापुरती वायर कोणीही टाकतो गं.”

हा ‘पुढचा माणूस’ त्यांच्या बोलण्यात सारखा यायचा. इतका, की मला वाटे तो कसबा पेठेतच कुठेतरी राहतो आणि संध्याकाळी अप्पांकडे चहाला येतो. वायरीवर नंबर लिहायचे ते पुढच्या माणसाला वाचता येतील असे. स्क्रू पिळायचा तो पुढच्या माणसाला उघडता येईल इतकाच. एकदा मी वैतागून विचारलं, “अप्पा, तो पुढचा माणूस तुमचे कधी आभार मानायला आला होता का?” ते म्हणाले, “मी मागच्याचे मानायला गेलो होतो का?”

पण ते खरं नव्हतं. ते गेले होते, आणि तेही माझ्यासमोर. लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या इमारतीत आम्ही कॉम्प्युटरची लाइन टाकत होतो. जिन्याखाली टेलिफोनचा एक जुनाट लोखंडी डबा होता, तो हलवायचा होता. अप्पांनी झाकण काढलं. आत मेणकापडात गुंडाळलेली एक पुडी होती. त्यांनी ती उघडली, चष्मा वर सरकवून वाचली आणि स्टुलावर उभे होते तसेच दोन्ही हात जोडले. मी चिठ्ठी घेऊन पाहिली. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं, पण ‘सोबत’च्या पुढे अप्पांचंच नाव होतं. ‘जोडणार’ म्हणून होतं ते नाव त्यांच्या उस्तादांचं. अप्पा तेव्हा विशीत असतील. चौथ्या ओळीत तोच नमस्कार होता.

“चिठ्ठी वाचली की नमस्कार परत करायचा असतो,” ते म्हणाले. मग चिठ्ठी पुन्हा गुंडाळून त्यांनी नव्या डब्यात ठेवली आणि शेजारी आपली ठेवली.

त्या दिवसापासून मला चिठ्ठीचं हसू येईना. उलट मला तिचा लोभ सुटला. अप्पा ‘सोबत’च्या पुढे वायर ओढणाऱ्यांची नावं लिहीत, अगदी दोन दिवसांसाठी आलेल्यांचीसुद्धा. माझं लिहीत नसत. एजन्सी माझी, काम आणणार मी, शिडीवर त्यांच्या शेजारी उभी राहणार मी, आणि चिठ्ठीत माझा पत्ता नाही. विचारायचा मात्र धीर होत नव्हता. सहा-सात महिने असेच गेले. मग त्या दातांच्या डॉक्टरांकडेच, शेवटचा जोड त्यांनी मला करायला दिला आणि पहिल्यांदाच टोक कापून टाकलं नाही. नुसतं बघितलं. खिशातून चिठ्ठी काढली आणि लिहिलं, ‘सोबत : शुभा.’ मी घरी जाऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, “म्हणजे काय झालं?” काय झालं ते मला तिला समजावता आलं नाही, पण डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हाही मी इतकी खूश नव्हते.

असं तीन-चार वर्षं चाललं. शहर बघता बघता बदलत होतं. आमची कामं पेठांतून निघून नदीपलीकडे गेली, मग विमाननगरच्या बाजूला काचेच्या इमारती उठायला लागल्या तिकडे पोचली. अप्पा बसमध्ये खिडकीशी बसून इमारती दाखवत, “इथे आपली चिठ्ठी आहे. इथे दुसऱ्या मजल्यावर आहे.” दुसरा एखादा आपली शेतं दाखवेल, तसं ते दाखवायचे. कुठल्याही जागी पुन्हा बोलावणं आलं नव्हतं, हे त्यांचं एवढंच वैभव होतं. “माझ्या जोडाला पुन्हा कोणाला हात लावावा लागला नाही,” हे वाक्य ते वर्षातून एखाद्या वेळेसच बोलत, आणि बोलून झालं की लगेच दुसरा विषय काढत.

विमाननगरला एका सॉफ्टवेअर कंपनीचा अख्खा मजला आम्हाला मिळाला. एकशे बारा ओळी, एकेका टेबलाला एक. एवढं मोठं काम मी कधी केलं नव्हतं. हे नीट पार पडलं तर वरचे दोन मजलेही आमचेच, असं त्यांच्या व्यवस्थापकांनी सांगितलं होतं. सोमवारी अमेरिकेहून त्यांचे साहेब येणार होते. ओळी मोजायचं, म्हणजे प्रत्येक ओळीतून संदेश नीट जातो का ते तपासायचं यंत्र तेव्हा आमच्यासारख्यांकडे नसायचं. मी ते मुंबईहून दोन दिवसांसाठी आणलं होतं, आणि शनिवारी संध्याकाळी ते परत जायचं होतं. शनिवारी दुपारपर्यंत चाळीस ओळी मोजून झाल्या आणि खोट्या छताचे चौकोन बसवून वायरी झाकणारी माणसं येऊन उभी राहिली.

“छत थांबव,” अप्पा म्हणाले. “मोजल्याशिवाय झाकायचं नाही.”

“अप्पा, थांबवता येत नाही. खाली गालिचावाले बसलेत, त्यांच्यामागे टेबलवाले. सोमवारी माणसं येणार आहेत.”

“मग त्यांना खुर्चीत बसव आणि चहा पाज. झाकू नकोस.”

“तुमचे जोड कधी चुकलेत का?” मी म्हणाले. हे मी लाडीगोडी लावायला म्हणाले होते, हे त्यांनाही कळलं.

“जोड नसतील चुकले. पण वायर माझ्या हातातून सुटल्यावर वर कोण कोण चढलंय, ते मी बघितलेलं नाही. एसीवाले काल दिवसभर वर होते.”

मी घड्याळाकडे बघितलं आणि छतवाल्यांना हात केला. खिडकीशी जाऊन अप्पांनी चिठ्ठी लिहिली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावून. शेवटचा चौकोन बसायच्या आधी शिडी चढून त्यांनी ती वर ठेवली. मी ती वाचली नाही. एरवी मी प्रत्येक चिठ्ठीत माझं नाव बघायची, त्या दिवशी मला तेवढीही सवड नव्हती.

रविवारी दुपारी घरी बसून मी तपासणीचा अहवाल केला. चाळीस ओळींचे आकडे खरे होते. उरलेल्या बहात्तर ओळींना मी तेच आकडे थोडे फिरवून दिले. चौदा नंबरची ओळ चौऱ्याऐंशी झाली, सत्तावीसची सत्याण्णव झाली. शेजारी आईने आणून दिलेला चहा होता, तो मी मध्येमध्ये पीत होते. तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही, नुसता कागद पुरा करायचा होता. अप्पांचे जोड चुकत नाहीत यावर माझा इतका विश्वास होता, आणि त्याच विश्वासाच्या जोरावर मी त्यांना बुडवलं.

महिनाभरातच तक्रारी सुरू झाल्या. निम्म्या टेबलांवर काम मध्येच अडकायचं, फायली अर्ध्यात तुटायच्या. व्यवस्थापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर माझ्या अहवालाची फाइल होती.

“रिपोर्टमध्ये तर सगळ्या लाइन पास आहेत,” ते म्हणाले. “म्हणजे वायर ओके. मग प्रॉब्लेम जॉइंट्समध्येच असणार ना? जॉइंट्स कोणी केले?”

“मी,” अप्पा म्हणाले. आणि त्यांनी फाइल पुढे ओढली.

ते पानं उलटत गेले. चाळिसाव्या पानानंतर एकेचाळिसावं आलं तेव्हा त्यांचं बोट थांबलं. मी त्या बोटाकडेच बघत होते. त्यांनी पुढची दोन पानं उलटली, मग शेवटचं पान पाहिलं आणि फाइल बंद केली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. व्यवस्थापकांना म्हणाले, “छताचा एक चौकोन काढा. वर माझी चिठ्ठी आहे. दहा मिनिटांत काय ते कळेल.”

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं. छत उघडलं तर चिठ्ठी निघणार होती. चिठ्ठीत काय राहिलं ते लिहिलेलं असणार, आणि माझ्या फाइलीत तर काहीच राहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, “छत उघडायची गरज नाही, सर. अप्पा टेलिफोन खात्यातले आहेत, त्यांची पद्धत जुनी आहे. काही जोड ढिले पडले असतील. मी नवी माणसं लावून सगळे पुन्हा करून देते.”

हे मी त्यांच्यादेखत बोलले. आजही ते वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे.

अप्पांनी चष्मा काढून डबीत ठेवला. डबी बंद केल्याचा ‘टक्’ असा आवाज आला. “बरं,” असं म्हणून ते उठले आणि गेले. चिठ्ठीचा हट्ट त्यांनी पुन्हा धरला नाही. धरला असता तर मी उघडी पडले असते, हे त्यांना एकेचाळिसाव्या पानावरच कळलं होतं.

त्या खोट्याने माझं काही भलंही झालं नाही. कंपनीने माझ्यावर भरवसा ठेवला नाही. दुसऱ्या एजन्सीला बोलावून जमिनीखालून नव्या ओळी टाकून घेतल्या, वरच्या जुन्या तशाच मेलेल्या पडून राहिल्या. वरचे मजलेही गेले. आमच्या धंद्यातली माणसं तेव्हा मोजकी होती आणि सगळी बुधवार पेठेतल्या त्याच चार दुकानांत भेटायची. पंधरा दिवसांत दुकानदार मला विचारू लागले, “काय हो, अप्पांचे जोड ढिले निघाले म्हणे?” मी “हं” म्हणायची आणि यादी पुढे करायची. त्या एका ‘हं’साठी मला कोणी शिक्षा केली नाही, याचं आता आश्चर्य वाटतं.

व्यवस्थापकांनी बोलावलं होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे असलेली माझी अवजारांची पिशवी ऑफिसशेजारच्या किराणावाल्याकडे ठेवलेली मिळाली. प्रत्येक अवजार पुसून, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळलेलं. मी आत चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती.

मी जायला हवं होतं. शनिवार पेठेपासून कसबा पेठ चालत दहा मिनिटं. दोनदा निघालेसुद्धा. एकदा कसबा गणपतीपर्यंत गेले, दर्शन घेतलं आणि परत आले. जाऊन काय बोलायचं ते मला माहीत होतं, म्हणूनच जाता येत नव्हतं. ‘सध्या कामं फार आहेत’ हे कारण पुण्यात कोणालाही पटतं. मी ते स्वतःला वर्षभर सांगितलं, आणि मला पटलंही.

मग ते मंडईत भेटले. मटार निवडून घेत होते, एकेक शेंग दाबून. मी पुढे होऊन म्हणाले, “अप्पा!” त्यांनी वर पाहिलं, पिशवी डाव्या हातात घेतली आणि म्हणाले, “नमस्कार. आपण कशा आहात?”

चार वर्षं ज्यांनी मला ‘अगं’ आणि ‘तू’ शिवाय हाक मारली नव्हती, ते मला ‘आपण’ म्हणत होते. त्यात टोमणा नव्हता, टोमणा असता तर मी तो आनंदाने खाल्ला असता. अनोळखी बाईशी जसं सभ्यपणे बोलायचं, तसं ते बोलले.

“बरी आहे. या ना कधी ऑफिसात. नवीन जागा घेतलीय.”

“बघू.”

“अप्पा, मला तुमच्याशी—”

ते थांबले. खरंच थांबले. हातातली शेंग खाली ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले. भाजीवाली म्हणाली, “आजोबा, अर्धा किलो करू का?” मागून कोणीतरी मला ढकलून पुढे गेलं. आणि मी म्हणाले, “—बोलायचंय एकदा निवांत. येईन मी घरी.”

“अवश्य,” अप्पा म्हणाले. “आपल्याला उशीर होत असेल.”

मी गेले नाही. गेले ती एकदम अप्पा वारल्यावर, तेराव्यानंतर. अप्पांच्या बायकोने, काकूंनी, पाणी दिलं, ओळखलं पण लगेच ओळख दाखवली नाही. बाहेर कुठेतरी तांबं ठोकण्याचा आवाज येत होता. आता आळीत दोन-तीनच घरांतून येतो. मी विचारलं, “शेवटपर्यंत काम करत होते का?”

“आळीत कोणाची केबल, कोणाचा फोन, करून द्यायचे,” काकू म्हणाल्या. “पण चिठ्ठ्या बंद केल्या. मी कॅलेंडरची पानं साठवत राहिले सवयीने. एक दिवस मला म्हणाले, टाकून दे ती, आता कशाला नाव घालायचं.” आणि मग साध्या आवाजात विचारलं, “तुमच्याकडे असताना काही झालं होतं का हो? मला कधी बोलले नाहीत.”

त्या वेळी तरी सांगायचं. मी म्हणाले, “नाही, तसं विशेष काही नाही.” ग्लास ओट्यावर ठेवून मी निघाले. अप्पांच्या बायकोशीही मी खोटंच बोलले.

गेल्या वर्षी विमाननगरची ती कंपनी जागा सोडून गेली आणि नव्या आलेल्या लोकांनी तो मजला पाडून नव्याने करायला काढला. बिनतारी जोडणीचं काम माझ्या एजन्सीकडे आलं. इमारतीचं नाव वाचून नाही म्हणावंसं वाटलं. इतकी वर्षं मी त्या रस्त्यालाही जायचं टाळत होते. त्या छतात माझ्या विरुद्धचा एक कागद बसून आहे, आणि तो आज ना उद्या कोणीतरी वाचणार, ही भीती मनातून कधी गेली नव्हती. शेवटी तो आपणच वाचावा म्हणून गेले.

छत उतरवायचं काम चालू होतं. वायरींचा जुना जुडगा अजून वर होता, धुळीने राखाडी झालेला. मी शिडी मागितली. ज्या चौकोनातून अप्पा चढले होते, तिथून डोकं आत घातलं आणि विजेरीचा उजेड टाकला. पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर एसीच्या नळाची लोखंडी पट्टी. नळासकट आमच्या एकेचाळीसपासून पुढच्या ओळींचा अख्खा जुडगा तिने छताच्या कांबीला आवळून टाकला होता. वायरी चेपून चपट्या झाल्या होत्या. पलीकडे जोडांचे डबे होते. मी एक उघडला, दुसरा उघडला, पाच-सहा उघडले. एकही जोड ढिला नव्हता, आणि प्रत्येकाच्या मागे हातभर वायर गुंडाळून ठेवलेली होती.

चिठ्ठी पहिल्या डब्याशेजारी होती. दुधाच्या पिशवीचा रंगही गेला नव्हता. मी ती घेऊन खाली उतरले आणि वायरीच्या रिकाम्या खोक्यावर बसून उघडली.

‘ओळी १ ते ११२ टाकल्या व जोडल्या.
४१ ते ११२ मोजणे राहिले. एसीची माणसे आमच्यानंतर वर होती, त्यांच्या पट्ट्या आधी पाहाव्यात. काही चुकल्यास जबाबदारी जोडणाऱ्याची.’

खाली ‘जोडणार’ आणि त्यांचं पूर्ण नाव. त्याच ओळीत ‘सोबत’, आणि पुढे कोरी जागा.

इतकी वर्षं मी ज्या कागदाला भ्याले, त्यात माझ्याविरुद्ध अवाक्षर नव्हतं. न मोजलेल्या कामावर त्यांनी माझं नाव घातलंच नव्हतं. मी छतवाल्यांना हात केला, आणि तेवढ्या वेळात त्यांनी खिडकीशी उभं राहून मला त्यातून बाहेर काढलं होतं. शेवटच्या ओळीत नेहमीचं वाक्य होतं. हात जोडायला गेले, पण जमेना. तो नमस्कार परत करण्याइतकी माझी लायकी नव्हती.

नव्या कंपनीचा एक तरुण अधिकारी काम बघायला आला. मी उठून त्याला सांगितलं, अगदी सगळं. “इथे पूर्वी आमचं काम होतं. ते बिघडलं म्हणून ज्यांच्यावर ठपका आला, त्यांचे जोड बरोबर होते. तपासणीचा अहवाल मी खोटा केला होता.” हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. चांगल्या घरचा मुलगा होता. म्हणाला, “इट्स ओके मॅम. तसंही आता सगळं वायफायच आहे ना.” आणि फोन आला म्हणून बाजूला गेला.

भंगारवाल्यांनी जुडगा खाली ओढला. तांब्याला मागणी आहे, ते भराभर गुंडाळत होते. मी पर्समधून पेन काढलं आणि ‘सोबत’च्या पुढे माझं नाव लिहिलं. मग चिठ्ठी तशीच पिशवीच्या तुकड्यात गुंडाळली, वर नवी चिकटपट्टी लावली आणि परत ठेवायला शिडी चढले. वर नुसती कांबी होती. जोडाशेजारी ठेवायची तर जोडच उरला नव्हता, आणि तिथे आता पुढचा माणूस कोणी येणार नव्हता.

मी खाली उतरले. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. काकू अजून कसबा पेठेतच राहतात, आणि मला अजून तिथवर जायचं आहे.